संकेतस्थळाचा अभ्यासवर्ग बंद करू नका : संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व संचालक,
आपली आंबा बागायतदार व फळप्रक्रिया सहकारी संस्था

सप्रेम नमस्कार.

संचालक मंडळाच्या गेल्या बैठकीत दोन ठराव संमत झाल्याचे कार्यालयाच्या सूचनाफलकावरून समजले. पहिल्या ठरावाने वाचनालयाच्या खोलीत शनिवारी भरणारा संकेतस्थळ-निर्मितीचा अभ्यासवर्ग बंद करण्यात आला आहे आणि ती खोली रिकामे पुठ्ठ्याचे खोके ठेवण्यासाठी वापरली जाणार आहे. दुसऱ्या ठरावाने संस्थेचे संकेतस्थळ एका खासगी कंपनीच्या बंदिस्त प्रणालीवर हलवले जाणार असून त्यासाठी दरवर्षी भाडे आणि शिवाय प्रत्येक विक्रीमागे टक्केवारी द्यावी लागणार आहे. हे दोन्ही ठराव सभासदांना न विचारता झाले. अभ्यासवर्गात शिकवणाऱ्या आम्हा सभासदांपैकी एकालाही बैठकीपूर्वी बोलावण्यात आले नाही. म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून असले तरी सर्व सभासदांनी ते वाचावे या हेतूने उघडपणे लिहीत आहे.

मी या संस्थेची दुसऱ्या पिढीतील सभासद आहे. आमची हापूसची कलमे थोडी, त्यामुळे घर चालते ते मुख्यतः आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुले आणि आंबापोळीवर. पूर्वी हा माल आम्ही मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या ओळखीने किंवा दुकानदार सांगेल त्या भावाने विकत होतो. अभ्यासवर्गात शिकल्यानंतर संस्थेच्या संकेतस्थळावरील आमच्या पदार्थांची पाने मी स्वतः तयार केली, ग्राहकांचे प्रश्न स्वतः वाचू लागले, आणि आगळ कशी टिकवावी, सोलकढीसाठी ती किती घ्यावी, असे काय विचारले जाते ते पाहून पानांवरचा मजकूर बदलू लागले. पुढे मी नव्याने येणाऱ्यांना शिकवू लागले. शिकवण्याचे मानधन आम्ही कोणीही घेत नाही आणि मागितलेलेही नाही. तेव्हा या पत्रात माझा स्वार्थ आहे तो एवढाच, की माझ्या मालाचे दुकान माझ्या संस्थेच्याच हातात राहावे.

अभ्यासवर्गात नेमके काय शिकवले जाते याची माहिती सर्व संचालकांना असेलच असे नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने देते. सुरुवात पानाची रचना सांगणारी एचटीएमएल आणि त्याचे रंगरूप ठरवणारी सीएसएस यांपासून होते : मथळा, परिच्छेद, चित्र, दुवा यांच्या खुणा साध्या मजकूर-फाइलीत हाताने लिहायच्या आणि ब्राउझरमध्ये पान उघडून पाहायचे. यासाठी इंटरनेट लागत नाही, हे पावसाळ्यात तारा तुटून चार-चार दिवस जोडणी नसणाऱ्या आपल्या गावांसाठी फार महत्त्वाचे आहे. त्यानंतर संस्थेने बाद ठरवलेल्या संगणकांवर लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली घालून त्यांवरच सर्व्हर, म्हणजे मागणाऱ्याला पाने पुरवणारी व्यवस्था, चालवायचा, त्यावर संकेतस्थळ चालवणारी वर्डप्रेस ही प्रणाली बसवायची, आणि मोडले तरी कोणाचे नुकसान होणार नाही अशा त्या जागी मनसोक्त सराव करायचा. मग वर्डप्रेसला जोडून चालणारे विक्रीसाठीचे वूकॉमर्स, मालाची नोंद, पिनकोडनुसार पाठवणीचा खर्च, बॅकअप घेणे आणि घेतलेला बॅकअप खरोखर पुन्हा उभा राहतो का हे तपासणे. मोबाइलवर काढलेले फोटो कित्येक एमबींचे असतात. ते लहान केल्याशिवाय चढवायचे नाहीत हा नियम पहिल्याच महिन्यात अंगवळणी पाडला जातो, कारण खाडीकाठच्या गावांत मोबाइलची रेंज कशी असते हे आपण सर्वजण जाणतो.

मराठी मजकुराकडे आम्ही विशेष लक्ष देतो. संस्थेची जुनी परिपत्रके, उपविधी आणि वार्षिक अहवाल युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले होते. तो फाँट नसलेल्या संगणकावर ते उघडले की निरर्थक चिन्हांची रांग दिसे आणि त्यांत काही शोधणे अशक्य होते. अभ्यासवर्गातील मुलींनी हे कागद युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षर-संकेतात, आणून ओळ न् ओळ ताडून पाहिले, आणि आज कोणताही सभासद आपल्या मोबाइलवर उपविधीतील हवा तो शब्द शोधू शकतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची खूण दिली की, फाँटमध्ये तशी सोय असल्यास, ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे आपल्या वळणाची दिसतात, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला फरक टिकवायचा तर कोणती कळ दाबायची, हेही वर्गात शिकवले जाते. हे काम बाहेरचा कोणी करणार नाही, कारण ते झाले नाही तर त्याचे काही अडत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार ठरावात दिलेल्या कारणाविषयी आहे. ‘सध्याचे संकेतस्थळ विश्वासार्ह नाही, ऐन हंगामात ते बंद पडले’ असे ठरावात म्हटले आहे. ते बंद पडले हे खरे आहे आणि त्यामुळे बागायतदारांचे नुकसान झाले हेही खरे आहे. पण ते बंद पडले ते होस्टिंगचे, म्हणजे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवले आहे तेथील जागेचे, वार्षिक देयक वेळेत भरले न गेल्यामुळे. नूतनीकरणाच्या सूचना नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या ईमेलवर जात होत्या, आणि आम्ही लेखी कळवल्यानंतरही देयक सहीसाठी कार्यालयात पडून राहिले. यात वर्डप्रेसचा, मुक्तस्रोत (जिचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रणालीचा किंवा अभ्यासवर्गाचा काहीही संबंध नव्हता. देयक थकले तर त्या खासगी कंपनीची प्रणालीही बंद पडेल. चुकीच्या निदानावर औषध दिले जात आहे, आणि ते औषध महागडे आहे.

दुसरी तक्रार मालकीविषयी आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. आज आपण वापरतो ते वर्डप्रेस जीपीएल या परवान्याखाली मिळते. हा परवाना प्रत्येकाला ते चालवण्याचा, आतील रचना पाहण्याचा, ती बदलण्याचा आणि बदललेली प्रणाली दुसऱ्याला देण्याचा हक्क देतो. या हक्काचे मोल वर्डप्रेसच्या जन्मकथेतच दिसते. बी-टू नावाची एक ब्लॉग-प्रणाली होती आणि तिच्या मूळ कर्त्याकडून तिचे काम थांबले होते. परंतु तीही जीपीएलखाली असल्यामुळे मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या तिच्याच दोन वापरकर्त्यांना तो कोड उचलून पुढे नेता आला, आणि २००३ मध्ये वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. आज जगातील दर दहा संकेतस्थळांपैकी सुमारे चार त्यावर चालतात. कर्ता थांबला म्हणून वापरणारे उघड्यावर पडले नाहीत.

बंदिस्त प्रणालीत याच्या उलट घडते. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही सेवा बंद केली तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षे जमवलेली असंख्य पाने एका निर्णयासरशी नाहीशी झाली. स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढी जतन केली तेवढीच उरली. ते फार जुने वाटत असेल तर अलीकडचे उदाहरण घ्या : गूगलने लहान व्यावसायिकांना मोफत दिलेली, त्यांच्या व्यवसाय-नोंदीला जोडलेली संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली. गूगलसारख्या कंपनीच्या बाबतीत हे होते, तर ज्या कंपनीशी आपण करार करणार आहोत ती पाच वर्षांनी असेल का, आणि असल्यास कोणत्या अटींवर असेल, याची हमी कोण देणार? आपल्या ग्राहकांची यादी, जुन्या मागण्या, आम्ही लिहिलेला मजकूर, यांतले काय आणि कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येईल, हे ठरावात कुठेही नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी बाग कराराने दिल्याचे परिणाम डोळ्यांनी पाहिले आहेत. करार घेणारा मोहोर लवकर यावा म्हणून कल्टार हे रसायन बेसुमार ओततो, दोन-तीन हंगाम भरघोस काढतो, आणि मुदत संपल्यावर थकलेली कलमे मालकाच्या ताब्यात देतो. तोपर्यंत मालकाच्या मुलांना फवारणीचे वेळापत्रकही ठाऊक नसते. संकेतस्थळाच्या बाबतीत आपण तोच करार करायला निघालो आहोत.

ग्राहकांच्या माहितीचाही प्रश्न आहे. नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक विश्वासाने देणारे ग्राहक ते संस्थेला देतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार ही माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवले तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते. म्हणजे ताबा कंपनीकडे आणि उत्तरदायित्व आपल्याकडे, अशी स्थिती होईल.

तिसरी तक्रार पैशांची. आज वूकॉमर्स वापरण्यासाठी विक्रीवर कोणतीही टक्केवारी द्यावी लागत नाही. ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचे शुल्क तेवढे जाते, आणि ते नव्या प्रणालीतही जाणारच आहे. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र आपण लेट्स एनक्रिप्ट या ना-नफा सेवेकडून विनामूल्य घेतो. खर्च आहे तो डोमेन (संकेतस्थळाचे नाव) आणि होस्टिंगचा. हापूसच्या पेटीतून ही नवी टक्केवारी कदाचित निघेलही, पण आगळेच्या बाटलीतून आणि आमसुलाच्या पाकिटातून ती काढायची तर ती बायकांच्या मजुरीतूनच जाईल.

सुरक्षिततेचा मुद्दा काही संचालकांनी खासगीत मांडला आहे आणि तो मी हलका मानत नाही. वर्डप्रेसवरील संकेतस्थळांत घुसखोरी होते ती बहुतेक वेळा अद्ययावत न ठेवलेल्या प्लगइनमधून (मूळ प्रणालीला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधून) किंवा कच्च्या पासवर्डमधून. कंपनीच्या प्रणालीत अपडेट कंपनी करील, हा तिचा खरा फायदा आहे. परंतु आपल्याकडेही हे काम ठरलेल्या दिवशी करणारी माणसे होती आणि ती अभ्यासवर्गातच तयार झाली होती. वर्ग बंद करून आणि आमचे प्रवेशाधिकार कोणतेही हस्तांतर न करता काढून घेऊन आपण संकेतस्थळ अधिक असुरक्षित केले आहे. ठरावाच्या दिवसापासून अपडेट कोण करीत आहे आणि शेवटचा बॅकअप कुठे आहे, हे विचारल्यावर कार्यालयातून उत्तर मिळालेले नाही. आगामी हंगामाच्या तोंडावर ही स्थिती मला अस्वस्थ करते.

चौथी तक्रार सहकाराच्या तत्त्वाची आहे. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ मध्ये मँचेस्टर येथे स्वीकारलेल्या सात तत्त्वांपैकी पाचवे तत्त्व शिक्षण, प्रशिक्षण आणि माहिती हे आहे. ते काही मागाहून चिकटवलेले नाही. १८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेलच्या विणकरांनी पहिले दुकान उघडले, आणि पुढे नफ्यातील अडीच टक्के रक्कम शिक्षणासाठी वेगळी काढून वाचनालय व वर्ग चालवले. पीठ, लोणी आणि मेणबत्त्या विकणाऱ्या त्या गरीब माणसांना वाचनालयाची खोली गोदामासाठी अडवावीशी वाटली नाही. आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २४-अ नुसार सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांच्यासाठी सहकारी शिक्षण व प्रशिक्षणाची व्यवस्था करणे संस्थेवर बंधनकारक आहे. त्या कलमात संकेतस्थळाचा उल्लेख नाही आणि ते प्रशिक्षण अधिसूचित संस्थांमार्फत द्यायचे असते, याची मला जाणीव आहे. म्हणून आपण कायदा मोडला असा आरोप मी करीत नाही. परंतु ज्या कायद्याने शिक्षणाला हे स्थान दिले, त्याखाली नोंदलेल्या संस्थेने सभासदांनी स्वतःहून चालवलेला वर्ग बंद करावा, याचे समर्थन कसे करणार?

‘हे आपले काम नाही, आपण आंबा पिकवावा’ असेही म्हटले जाते. वारणानगरला १९९८ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने आसपासच्या सत्तर गावांत संगणक-केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला, तो सहकारी साखर कारखान्याच्या आधारावरच. तो पाहणाऱ्या अभ्यासकांना असे आढळले की शेतीविषयक ज्ञान देण्याचे मोठे उद्दिष्ट मागे पडले आणि केंद्रांचा प्रत्यक्ष वापर झाला तो मुख्यतः उसाच्या नोंदींसाठी, म्हणजे सभासदाच्या रोजच्या व्यवहाराशी जोडलेल्या कामासाठी. यातून मी घेतलेला बोध असा, की तंत्रज्ञान सभासदाच्या मालाशी आणि पैशाशी जोडलेले असेल तरच ते रुजते. आपला वर्ग नेमका तिथूनच सुरू होतो : पहिले पान शिकणारी स्वतःच्या बागेचे किंवा स्वतःच्या पदार्थाचे करते. केरळात १९२५ मध्ये मजुरांनी स्थापन केलेल्या उरालुंगल सहकारी संस्थेने रस्ते आणि पूल बांधता बांधता कोझिकोडला माहिती-तंत्रज्ञानासाठी सायबरपार्क उभारला. ब्रिटनमध्ये संकेतस्थळे व सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कामगार-सहकारी संस्थांनी २०१६ मध्ये कोटेक नावाचे जाळे उभे केले. सहकार आणि हे तंत्रज्ञान परस्परांना परके आहेत, हे मला मान्य नाही. हजारो अनोळखी माणसांनी मिळून घडवलेली आणि कोणा एकाच्या मालकीची नसलेली वस्तू सहकारी संस्थेला जितकी जवळची वाटायला हवी तितकी दुसऱ्या कोणाला वाटेल?

आणखी एक गोष्ट हिशेबाच्या वहीत येत नाही. या वर्गात येणाऱ्यांपैकी अनेक जणी दहावीनंतर घरी बसलेल्या होत्या. पूर्वी सर्वसाधारण सभेत त्या मागच्या रांगेत बसून हात वर करण्यापुरत्या येत. गेल्या सभेत ताळेबंदातील जाहिरात-खर्चाची नोंद काय आहे, असा प्रश्न त्यांच्यातल्याच एकीने उभी राहून विचारला, कारण अहवालाचे ते पान तिनेच युनिकोडमध्ये आणले होते. काही मुलांनी शेजारच्या गावांतील घरगुती निवासांची संकेतस्थळे करून देऊन पावसाळ्यातले चार महिने मिळकत केली, ती बोईसर किंवा मुंबईला न जाता. शिकलेल्याने पुढच्याला शिकवायचे हा वर्गाचा एकमेव नियम आहे, आणि वर्ग थांबला की ही साखळी तुटते. ती पुन्हा जोडायला किती वर्षे लागतील हे सांगता येत नाही, कारण शिकवणारी मुले तोवर गावात राहणार नाहीत.

माझ्या आणि या पत्रावर सही करणाऱ्या सभासदांच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. दोन्ही ठरावांची अंमलबजावणी वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत स्थगित करावी, आणि ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावयाच्या त्या सभेच्या विषयपत्रिकेवर हे दोन्ही विषय स्वतंत्रपणे ठेवावेत.

२. संबंधित बैठकीचे इतिवृत्त अधिनियमाच्या कलम ३२ नुसार सभासदांना पाहू द्यावे. कंपनीबरोबरच्या कराराचा मसुदा, त्यातील भाडे, टक्केवारी आणि करार संपवण्याच्या अटींसह, सभेपूर्वी सूचनाफलकावर लावावा.

३. डोमेन संस्थेच्याच नावावर असल्याची खात्री करून तसे लेखी कळवावे. नूतनीकरणाच्या सूचना संस्थेच्या कायम ईमेलवर याव्यात आणि त्या पाहण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्यावर व एका सभासदावर संयुक्तपणे सोपवावी.

४. संकेतस्थळाच्या फाइली आणि माहितीसाठा यांचा पूर्ण बॅकअप आठ दिवसांत घेऊन एक प्रत संस्थेच्या तिजोरीत ठेवावी, आणि अपडेटचे काम पूर्वीच्या गटाकडे तात्पुरते का होईना परत द्यावे.

५. वाचनालयाची खोली शनिवारी वर्गासाठी मोकळी ठेवावी. खोक्यांसाठी जुन्या आढीच्या खोलीचे छप्पर दुरुस्त केल्यास पुरेशी जागा होते. त्या कामासाठी श्रमदान करण्याची आमची तयारी आहे.

६. बाहेरच्या जाणकाराची मदत घ्यायचीच असेल, आणि सुरक्षिततेच्या तपासणीसाठी ती घ्यावी असे माझेही मत आहे, तर ती सध्याच्या मुक्तस्रोत संकेतस्थळावर घ्यावी आणि केलेले काम सभासदांना शिकवून जाण्याची अट करारात घालावी.

आपल्यापैकी अनेकांनी ही संस्था उभी करताना स्वतःचे दागिने गहाण ठेवले होते हे मी घरात ऐकत आले आहे, आणि आपल्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच निर्णय फिरवण्यात कमीपणा मानू नये, अशी विनंती करते. कोणत्याही संचालकांना शनिवारी येऊन वर्गाचे काम प्रत्यक्ष पाहायचे असेल तर खोलीला कुलूप असले तरी आम्ही बाहेरच्या पडवीत बसतो. या पत्राची प्रत सह्यांसाठी कार्यालयाबाहेर आणि संकलन केंद्रावर ठेवली आहे. लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे, म्हणजे सभेपूर्वी सभासदांना ते वाचून विचार करता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
संस्थेची एक सभासद व अभ्यासवर्गातील शिक्षिका